फळ्यावरचा पगार

आधी बाईंचं नाव सांगते. कुमुदबाई. आज मी डोंबिवलीत स्वतःच्या कमाईवर भाड्याची खोली घेऊन राहते, गावाकडे आईच्या औषधाला पैसे पाठवते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दाराला कडी लावून निर्धास्त बसते, ते या बाईंमुळे. काय घडलं ते पुढे येईलच. पण मी घाबरट आहे. सांगता सांगता मध्येच थांबले, तर निदान नाव तरी आधी लिहून झालेलं असावं. शाळा माझी आठवीत सुटली. लिहायची सवय अजून नाही.

ठाणे पूर्वेला कोपरीच्या त्या गल्लीतून ज्यांचं जाणं-येणं होतं, त्यांना हे नाव कदाचित आठवणार नाही. फळ्यावाल्या बाई म्हटलं की लगेच आठवतील. संस्था म्हणजे एका जुन्या बैठ्या घराच्या चार खोल्या. बाहेरगावच्या मुलींनी तिथे राहायचं आणि आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा कशी करायची ते शिकायचं. या घराच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी रस्त्याकडेला, बाईंनी शाळेत असतो तसला फळा ठोकला होता. वर पाणी लागू नये म्हणून पत्रा. महिना संपला की बाई स्टुलावर चढायच्या, पदर खोचायच्या आणि गेल्या महिन्यात कुणाकडून किती आले, कशावर किती गेले, ते खडूनं लिहून काढायच्या. किराणा, दूध, वीज, घरभाडं, शिकवायला येणाऱ्या नर्सबाईंचं मानधन. आणि त्यात एक ओळ अशी असायची: 'व्यवस्थापिका (मी), पगार'. पुढे आकडा. इतरांच्या ओळींपेक्षा बारीक नाही की मोठा नाही.

समाजसेवा करणाऱ्या बाईनं पगार घ्यावा आणि वर तो रस्त्यावर लिहावा, हे गल्लीला बरीच वर्षं पचलं नव्हतं म्हणे. मी आले तोवर त्याची थट्टा होण्याइतकं ते रुळलं होतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आक्का टोपली डोक्यावर घेऊन थांबायच्या, फळा वाचायच्या आणि हाक मारायच्या, "काय बाई, यंदा वाढ झाली वाटतं?"

"झाली. विश्वस्तांनी दिली. जास्त वाटते का?"

"छे ओ! आमचा जावई मॉलच्या गेटवर उभा राहतो, त्याला याच्यापरीस जास्त भेटतं."

"मग जावयाला सांगा फळा लावायला," बाई म्हणायच्या, आणि स्टुलावरूनच मेथीच्या जुडीचा भाव करायला लागायच्या.

मी हिंगोलीकडची. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, आई आजारी, बाबा हंगामात वीटभट्टीवर. मग माझी शाळा सोडायची असं कुणी ठरवलंसुद्धा नाही, ती आपोआप सुटली. बाबांबरोबर मीही भट्टीवर जायला लागले. कल्याणला मावशी होती. तिनं बोलावून घेतलेलं, पण तिची एकच खोली, त्यात मावसभावाचं लग्न ठरलं. तिनंच कुणाकडून तरी कोपरीचा पत्ता आणला. पिशवी घेऊन मी गेटपाशी उभी राहिले आणि आधी तो फळा वाचला. इथे सगळं लिहितात! म्हणजे उद्या माझंही नाव लागणार. अमुक गावची अमुक मुलगी, फुकट जेवते, फुकट राहते. कल्याणचा कुणी नातेवाईक इथून गेला आणि त्यानं वाचलं तर? मी मागे वळलेलेच, तेवढ्यात गेट वाजलं.

समोर उंच, सडपातळ बाई. सुती साडी, उजव्या मनगटात घड्याळ. "वाचून झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आत या. न वाचता जे आत येतात, त्यांना मी आधी बाहेर पाठवते."

माझ्यासारख्या पोरीला कुणी अहो-जाहो करत नाही. मला वाटलं, माझ्या मागे आणखी कुणी उभं आहे. बाई सगळ्याच मुलींना तुम्ही म्हणायच्या, रागावल्या तरी. "सुजाता, तुम्ही आज पुन्हा भात करपवलात," असं त्या मला म्हणाल्या की ओरडा खाल्ला का मान मिळाला तेच कळायचं नाही.

चहाचा कप हातात आल्यावर मी धीर करून विचारलं, "बाई, माझं नाव त्या फळ्यावर लिहाल का?"

"तुमचं? तुम्ही काही देणगी आणलीय का?"

"नाही, मी फुकट..."

"फुकट काही नाही. तुमच्यासाठी लोकांनी पैसे दिलेत. पैसे लोकांचे, म्हणून ते लोकांना दिसले पाहिजेत. तुम्ही लोकांच्या नाही." एवढं बोलून त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. त्या दिवशी मला ते नीट कळलं नाही. फक्त नाव लागणार नाही एवढं कळलं, आणि मी बिस्किटं खाल्ली.

महिन्यातला एक रविवार हिशोबाचा असे. दुपारी चारला पुढचं दार उघडं टाकायचं, सतरंजी घालायची, मोठ्या पातेल्यात चहा ठेवायचा, आणि ज्याला यायचं त्यानं येऊन फळ्यावरच्या कुठल्याही ओळीबद्दल विचारायचं. वाचून दाखवायचं काम मुलींपैकी एकीचं. बाई स्वतः टेबलामागे बसत नसत, आमच्यात सतरंजीवर बसत, आणि प्रश्न आला की शाळेतल्यासारख्या उभ्या राहून उत्तर देत. "वर्षातून एकदा धर्मादाय कार्यालयाला हिशोब देतो," त्या म्हणायच्या, "पण त्यांना आपलं दूध नासलं होतं ते कुठे ठाऊक असतं? गल्लीला असतं."

समोरच्या घरातले पाटणकरकाका एकही रविवार चुकवत नसत. बँकेतून निवृत्त झालेले, हातात भिंग. त्यांचा आवडता विषय टेलिफोनचं बिल. एकदा त्यांना नवीन ओळ सापडली. "हे काय? 'हिशोबाच्या दिवशीचा चहा'? म्हणजे आम्ही येतो तो चहासुद्धा संस्थेच्या पैशातून?"

"हो."

काकांनी कप खाली ठेवला.

"प्या काका," बाई म्हणाल्या, "तुमचा धरूनच लिहिलाय. नाही प्यायलात तर हिशोब चुकेल." सगळी सतरंजी हसली. काकांनी चहा प्यायला, पण पुढच्या खेपेपासून ते येताना घरून साखरेची पुडी आणायला लागले आणि ती पातेल्यात टाकून मगच बसायला लागले. बाईंनी ती साखरही देणग्यांमध्ये लिहिली.

घराला रंग द्यायचा झाला तेव्हाची गोष्ट तर कोपरीत अजून सांगतात. बाईंचा सख्खा भाचा मंगेश रंगाची कामं घेतो. तिघांकडून दर मागवले, मंगेशचा सगळ्यांत कमी निघाला, विश्वस्तांनी त्याला काम दिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ: 'रंगकाम व्यवस्थापिकेच्या भाच्याला दिले आहे. तिघांचे दर आत पाहायला मिळतील. निर्णय होताना व्यवस्थापिका बाहेर बसली होती.' मंगेश ब्रश हातात घेऊनच आत आला.

"मावशी, अगं काय हे! गल्लीभर इज्जत काढलीस माझी."

"मी नातं लिहिलंय फक्त."

"अगं पण लोक येऊन भिंतीला बोटं लावून बघतायत! तो रिक्षावाला विचारतो, कमी भावात कसं परवडतं रे, पाणी किती घालतो?"

"मग घालू नकोस."

मंगेशनं एक हात जास्तीचा दिला. स्वतःच्या खर्चानं. जाताना म्हणाला, "परत तुझ्याकडे काम घेतलं तर नाव बदलीन." पुढच्या वर्षी गेटला रंग द्यायलाही तोच आला.

एवढा काटेकोरपणा कधीकधी माणसाला लागायचा. आमच्या आधी शिकून गेलेली एक मुलगी पहिल्या पगारातून बाईंना साडी घेऊन आली. आंब्याच्या रंगाची, छान होती. बाईंनी साडीवरून हात फिरवला, घडी घातली, परत दिली. आणि फळ्यावर लिहिलं: 'माजी विद्यार्थिनीकडून व्यवस्थापिकेला साडी. परत केली.' नाव नाही, पण मुलगी रडायला लागली. "बाई, एवढं काय पाप केलं मी?"

बाई तिच्याजवळ बसल्या. "पाप नाही हो. पण उद्या एखादीला पगार कमी असेल, ती साडी आणू शकणार नाही, आणि तिला वाटेल बाईंचं आपल्यावर कमी लक्ष आहे. तुमच्या घरी जेवायला बोलवा. पिठलं करा. मी येते." आणि खरंच मुंब्र्याला तिच्या खोलीवर जाऊन जेवून आल्या, रिक्षाचे पैसे स्वतःचे घालून.

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, ते एकदाच बोलल्या. शेंगा सोलत बसलो होतो. संस्थेत येण्याआधी त्या अनाथ मुलांच्या एका मोठ्या संस्थेत टायपिस्ट होत्या. देणगीदारांना आभाराची पत्रं त्याच टाईप करायच्या. तिथल्या अध्यक्षांचा फार दरारा. पैशाबद्दल कुणी विचारलं की ते म्हणत, माझ्यावर विश्वास नाही का? की समोरचा गप्प. मग कुठून तरी कुजबुज उठली, देणग्या आटल्या, वर्षभरात ती संस्था बंद पडली आणि तिथल्या मुलांना जिकडेतिकडे पाठवून दिलं.

"खाल्ले होते का पैसे त्यांनी?" मी विचारलं.

"तेच तर. आजही कुणाला माहीत नाही. मला वाटतं, नसतील खाल्ले. पण नाही खाल्ले हे दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि मी इतकी वर्षं पत्रं बडवली, पण एकदाही विचारलं नाही." मग माझ्या हाताकडे बघून, "ती शेंग किडकी आहे, बाजूला टाका."

आता जे घडलं ते.

आमच्या घराचं भाडं कोलशेतकडे कारखाना असलेले एक शेठ देत असत. सज्जन माणूस. दिवाळीला मिठाई पाठवायचे, कधी आत येऊन बसले नाहीत. त्या वर्षी त्यांच्या मुलानं कारभार हातात घेतला आणि एक तरुण माणूस आमच्याकडे पाठवला. चांगला बोलणारा, मोबाइल दोन. म्हणाला, यापुढे देणगी द्यायची तर आमच्याही काही अपेक्षा आहेत. मुलींचे फोटो, नावं, गावं, घरची परिस्थिती. आधी कशा होत्या, आता कशा झाल्या. प्रत्येकीची छोटी रील. कंपनीच्या साईटवर जाईल, गेटवर एक मोठा बॅनर लागेल.

आम्ही सहा जणी दाराआडून ऐकत होतो. परीक्षा दोनेक महिन्यांवर आलेली. ती पास झालो की दाखला मिळणार, दाखल्यावर काम मिळणार. नाही तर मला काय, पुन्हा भट्टी. मी मनात म्हटलं, घ्या की माझा फोटो! ज्या नावासाठी पहिल्या दिवशी मी पळत होते, तेच नाव आता बॅनरवर लावायला मी तयार होते. पण रेश्माचं तोंड पांढरं पडलेलं. रेश्मा सासरच्या मारहाणीतून पळून आलेली. ती कुठे आहे हे तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि तेवढ्यावरच ती जगत होती.

बाई म्हणाल्या, "पैशाचा प्रत्येक कागद देते. बिलं देते, परीक्षेचे निकाल देते, माझ्या बँकेचं पासबुक हवं तर दाखवते. मुली देणार नाही."

तो हसला. वाईट हसला असं नाही. "मॅडम, तुमचं तर सगळं उघडं असतं ना? बाहेर तुमचा पगारसुद्धा लिहिलाय. मग मुलींचंच काय लपवायचंय?"

आम्हाला वाटलं, आता बाई हरल्या. मग म्हणाल्या, "मी लोकांचा पैसा हाताळते. म्हणून लोकांनी मला बघावं. या मुली तो घेतात, कारण त्यांना गरज आहे. गरज असणाऱ्याला उघडं करायचं, याला मी हिशोब म्हणत नाही."

"मग आमचा नाइलाज आहे."

"चहा घ्या," बाई म्हणाल्या. त्यानं घेतला नाही.

आणि पुढच्या महिन्यात बाईंनी जे केलं ते फक्त बाईच करू शकतात. स्टुलावर चढल्या आणि लिहिलं: 'घरभाड्याची देणगी बंद झाली आहे. भाड्यापुरती शिल्लक या महिन्यानंतर नाही.' एक विश्वस्त, डॉक्टर होते, ते धावत आले. "अहो बाई, हे कुठे लिहायचं असतं का? आपण आतल्या आत काही जुळवलं असतं!"

"खरं आहे ते."

"खरं आहे हो! पण घरमालकही वाचतो ना!"

घरमालकानं वाचलंच. नाना म्हणायचे सगळे त्यांना. मूळ कोपरीचेच, आता बाळकुमला टॉवरमध्ये राहायला गेलेले. इतक्या वर्षांत कधी हिशोबाच्या रविवारी न आलेले नाना त्या रविवारी आले आणि चपला काढून सतरंजीवर बसले. वाचायची पाळी माझी होती. वाचताना मी इतकी अडखळत होते की पाटणकरकाकांनी भिंग खाली ठेवलं. घरभाड्याची ओळ वाचली आणि नाना बोलले.

"बाई, माजा तुमच्याशी भांडन नाय. पन पैसं नाय तं तुमी पगार कनचा घेता?"

बाई उभ्या राहिल्या. "कामाचा, नाना. तो बंद केला, तर माझ्यानंतर इथं कोण येईल? जिच्या घरी दुसरं कुणी कमावतं, तीच. या मुलींतली एखादी उद्या माझ्या जागी यायची असेल, तर पगार पाहिजे. पण भाडं भरेपर्यंत मी तो अर्धाच घेणार आहे. तेही लिहिलंय बघा."

नाना जरा वेळ चुळबुळले. मग खरं ते बाहेर आलं. "बरं, मी ऱ्हाव देतो. पोरींची परीक्षा होवंदे. भाडं सावकाशीनं द्या. फकस्त येक करा. माजा भाड्याचा आकडा त्या फळ्यावरशी काढा. जावई वाचून जातो नि घरी येऊन बोलतो, मामा, येवढा भाडा घेता नि आमाला सांगत नाय! पोरगी रुसून बसलीय. माज्या घरात तुमच्या फळ्यानं आग लावलीय, बाई."

कुणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही. मी बाईंकडे बघत होते. एक ओळ. ओल्या फडक्यानं एक ओळ पुसायची, की आम्ही सहा जणी परीक्षेपर्यंत सुखरूप. मी मनात म्हणत होते, पुसा, बाई, पुसा.

"नाना, ते जमणार नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. तोच झाकला तर बाकीचं लिहून काय उपयोग?"

"मग महिन्याच्या आखरीला जागा खाली करा," नाना म्हणाले, आणि उठले. उठताना त्यांनाच वाईट वाटत होतं असं दिसलं, पण उठले.

लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि बाईंना जे बोलले, ते मी माझ्या आईलाही कधी बोलले नसते. "तुमच्या फळ्यापायी आम्ही रस्त्यावर येणार! तुमचं काय जातंय?" रेश्मा माझा हात ओढत होती. "अगं सुजे, गप ना, पागल झालीस का?" बाई पातेलं घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले. "रस्त्यावर येणार नाही," एवढंच म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन कुणाला तरी फोन लावला. मी पिशवी भरून ठेवली.

महिनाअखेरीला मंगेशचा टेम्पो आला. आम्ही सहा जणी, आमच्या गाद्या, सरावाचा पलंग, कापडाचा तो बाहुला ज्याला आम्ही अंघोळ घालायला शिकत होतो, असं सगळं घेऊन टेम्पो निघाला तो थेट डोंबिवलीला, बाईंच्या स्वतःच्या घरी. एक बेडरूम, एक बाहेरची खोली. बाहुल्याला जिन्यावरून वर नेताना शेजारच्या काकू किंचाळल्या, त्यांना वाटलं खरंच कुणी गेलं. बेडरूम आम्हाला दिली. बाहेरच्या खोलीत पलंग मांडला, वर्ग तिथेच. बाई स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायच्या. गुडघे त्यांचे आधीच कामातून गेलेले. सकाळी ओट्याला धरून उठताना तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ मुडपून घ्यायच्या. आणि दाराबाहेर, चपलांच्या रॅकच्या वर, छोटी पाटी: 'जागा व्यवस्थापिकेच्या मालकीची आहे. भाडे घेतलेले नाही. विजेचे निम्मे बिल संस्था भरते.'

सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी वर आले. "मॅडम, पाटी लावायला परवानगी लागते."

"घेतलीय. तुमचीच सही आहे."

सेक्रेटरींनी कागद पाहिला. "अच्छा. मला वाटलं ट्यूशनचं काही असेल." मग पाटी पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या गणपती मंडळाच्या हिशोबाचं जरा बघाल का?"

एका दुपारी मी बाईंच्या गुडघ्याला तेल लावत होते. शिकवलेलंच होतं ते, सराव म्हणून करते म्हटलं, नाही तर लावू दिलं नसतं. मी विचारलं, "बाई, तेव्हा ती ओळ पुसली असती तर?"

"तर तुम्ही कोपरीत राहिला असतात."

"मग?"

"मग पुढे कधीतरी कुणी दुसरी ओळ पुसायला सांगितली असती. आणि आज नाना, उद्या कदाचित मीच. माझ्याच पगाराची." त्यांनी पाय जवळ ओढला. "मलाही भीती वाटली हो त्या दिवशी. तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं. घर आहे म्हणून मी नाही म्हणू शकले. ज्यांना घर नाही, त्यांनी काय करावं, मला अजून कळलेलं नाही."

एवढ्या मोठ्या बाईंनी मला कळलेलं नाही असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून माझी भीती गेली असं म्हणणार नाही, भीती माझी जात नाहीच. पण बाईंनाही ती वाटते हे कळल्यापासून मला तिची लाज वाटेनाशी झाली.

आम्ही सहाही जणी पास झालो. रेश्मा हे तिचं खरं नाव नाही, आणि ती कुठे काम करते तेही मी लिहिणार नाही. मला डोंबिवलीतच एका आजोबांकडे काम लागलं. अर्धांगवायू झालेले, चिडके, पण माझ्या हातचं जेवायचे. संस्थेचा वर्ग विश्वस्तांनी कल्याणच्या एका संस्थेला जोडून दिला आणि बाईंनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या पाटीचे खिळे काढत होत्या. मला म्हणाल्या, "सुजाता, आजपासून मी कुणाची व्यवस्थापिका नाही. तुम्ही आता मला तुम्ही म्हणू नका हवं तर." मला ते जमलं नाही. मी वाकून नमस्कार करायला गेले, तर त्यांनी खांदे धरून उभं केलं, आणि उरलेले खिळे आम्ही दोघींनी मिळून काढले.

आता त्या तिथेच एकट्या राहतात. मंगेश येतो-जातो. मी आठवड्यातून एकदा जाते, भाकरी घेऊन. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायला हवं असं डॉक्टर सांगतात, आणि बाई पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मला कारण माहीत आहे. नंतर कोण करणार, ही धास्ती. बाथरूमपर्यंत कोण नेणार, पाय कोण दुमडणार, रडू येईल तेव्हा जवळ कोण असणार. तोंडानं बोलणार नाहीत.

बाई, हे तुमच्यासाठीच लिहितेय, कारण समोर बसून सांगायला गेले की माझी जीभ अडखळते. तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी कामावरून रजा घेईन. मिळाली नाही तर काम सोडीन, दुसरं मिळेल, तेवढं तुम्ही मला शिकवलंय. तुम्ही स्वतःच्या पायांनी जिना उतरून भाजी आणायला जाईपर्यंत मी तुमच्याजवळ राहीन, आणि चटईवर मी झोपेन.

या वेळी नाही म्हणू नका.